पुनरुत्थानकाळातील शास्त्रवाचने : निवड आणि वगळ

प्रास्ताविक :
उपासनेत कोणता उतारा कोणत्या दिवशी वाचावा, हा निर्णय अर्थनिर्णयनाचाच एक भाग असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये नवी वाचनव्यवस्था सिद्ध केली. तीनुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या आवर्तनात येतात. ईस्टर ते पेन्टेकॉस्ट या काळात दिवसाच्या मिस्सेतील पहिले वाचन 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातून, तर शुभवर्तमान बहुतांशी योहानाचे असते. प्रस्तुत लेखात योहानाच्या विसाव्या अध्यायाची या काळात झालेली विभागणी तपासली आहे.

विवेचन :
ईस्टर रविवारी या अध्यायाची पहिली नऊ वचने वाचली जातात. मग्दालिया मरियेला कबरीवरील धोंड सरलेली दिसते, तिच्या निरोपावरून पेत्र व दुसरा शिष्य धावत येतात आणि शिष्यांना शास्त्र अद्याप उमगले नव्हते, या विधानापाशी वाचन थांबते. मरिया रडत उभी राहते, येशूला माळी समजते, नावाने हाक येताच त्याला ओळखते व शिष्यांना वार्ता कळवते, हा भाग (वचने ११-१८) त्यानंतरच्या मंगळवारी येतो. थोमाच्या संशयाचा प्रसंग (वचने १९-३१) मात्र पुढच्या रविवारी, तिन्ही वर्षी वाचला जातो.

योहानाच्या रचनेत हे दोन प्रसंग परस्परपूरक आहेत. मरिया हाकेने ओळखते. थोमा जखमांचा पुरावा मागतो. शिवाय बंद दाराआड जमलेल्या शिष्यांपर्यंत मरियेची वार्ता आधीच पोहोचलेली असते. केवळ रविवारी येणाऱ्या श्रोत्याला योहानाच्या कथनातील हा दुवा मिळत नाही. त्याच्या दृष्टीने शिष्यच पहिले साक्षीदार ठरतात.

याच्या विरोधात काही बाबी मांडता येतात. ईस्टरचे आठही दिवस महोत्सवाचे मानले जातात. आवर्तनाच्या पहिल्या वर्षी ईस्टरच्या रात्री मत्तयाचा, येशू स्त्रियांना भेटतो तो वृत्तांत वाचतात. ईस्टर रविवारच्या 'व्हिक्टिमे पास्काली' या प्राचीन लॅटिन स्तोत्रात तर मरियेलाच साक्ष विचारली जाते. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला. तथापि मंगळवार हा बहुतेकांच्या कामाचा दिवस असतो आणि २२ जुलै सामान्य रविवारी आल्यास रविवारच्याच उपासनेला अग्रक्रम मिळतो. स्तोत्र जे विचारते, त्याचे उत्तर त्या दिवशीच्या वाचनात नाही, ही विसंगती उरतेच.

निष्कर्ष :
या विभागणीमागे मरियेला डावलण्याचा हेतू होता, असे केवळ विभागणीवरून म्हणता येत नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. ईस्टर रविवारचे वाचन अठराव्या वचनापर्यंत वाढवल्यास तो दूर होऊ शकेल. अभ्यासक्रमासाठी उतारे निवडताना अध्यापकांनीही हे ध्यानी घ्यावे. उतारा जिथे थांबतो, तिथेच बहुसंख्य वाचकांसाठी ग्रंथ संपतो.