महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन संगणक-कौशल्य अभ्यासक्रम : रचनेची एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणक-कौशल्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याचे काम आज अनेक महाविद्यालयांपुढे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांद्वारे एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’च्या माध्यमातून घेण्यास मान्यता दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. ऑनलाइन शिक्षणाचे श्रेयांक अशा रीतीने पदवीत धरले जाऊ लागल्याने त्याच्या रचनेची चिकित्सा आवश्यक ठरते. अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला संगणकावर काम करता येते काय, हा या चिकित्सेचा मूळ प्रश्न होय.

प्रचलित चौकट :
‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. इतिहास वा अर्थशास्त्र यांसारख्या विषयांना ही चौकट उपयुक्त आहे. कौशल्याच्या विषयात मात्र तिची मर्यादा जाणवते. विद्यार्थी पाहतो, वाचतो, शंका विचारतो आणि उत्तर निवडतो. स्वतः काही तयार करून दाखवणे या चौकटीत शक्य असले, तरी अनिवार्य नाही. पोहण्यावरील व्याख्यान ऐकून पोहता येत नाही, हे सांगण्यासाठी शिक्षणशास्त्राची गरज नसावी.

मूल्यमापनातील उणीव :
‘बेरजेसाठी कोणते सूत्र वापरतात?’ या बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी सहज ओळखतो. तोच विद्यार्थी गुणपत्रकाचा तक्ता करताना गणकयंत्रावर बेरीज करतो आणि आलेली संख्या चौकोनात टंकित करतो. पडद्यावर दोन्ही तक्ते सारखेच दिसतात. एका विषयाचे गुण बदलून पाहिले, की सूत्राने केलेली बेरीज बदलते आणि हाताने लिहिलेली तशीच राहते. खरी परीक्षा या एका बदलात आहे. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेला ती घेता येत नाही. अशी तपासणी ऑनलाइन अशक्य आहे, असेही नाही. ‘एनपीटीईएल’च्या प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून यंत्राद्वारे तपासला जातो. तक्ता वा दस्तऐवज यांबाबतही विद्यार्थ्याने सादर केलेली फाइल हाच मूल्यमापनाचा आधार करता येईल.

साधनांचा प्रश्न :
राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) ग्रामीण भागातील ४.४ टक्के, तर शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेट सुविधा असलेल्या कुटुंबांचे प्रमाण अनुक्रमे १४.९ व ४२ टक्के होते. याचा अर्थ असा, की ज्याला पाठ पाहता येतो त्याला सराव करता येईलच असे नाही. मोबाइलवर चित्रफीत दिसते. परंतु फाइल कोणत्या फोल्डरमध्ये साठवली, याचा विचार मोबाइल वापरताना क्वचितच करावा लागतो. प्रयोगशाळेचे तास वगळून केलेला ‘पूर्णतः ऑनलाइन’ अभ्यासक्रम म्हणूनच, ज्याच्या घरी संगणक आहे त्यालाच अधिक समर्थ करतो. ज्याच्यासाठी तो प्रामुख्याने आखला जातो, तो ग्रामीण विद्यार्थी प्रमाणपत्रापुरताच लाभार्थी उरतो.

मराठीचे स्थान :
इंग्रजीतील आयत्या अभ्यासक्रमाचे केवळ भाषांतर केल्यास मराठी टंकलेखन वगळले जाते. जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेला अर्ज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत रूपांतरित होतो; युनिकोडमधील मजकूर वाचता, शोधता आणि अकारविल्हे लावता येतो. कला शाखेच्या विद्यार्थ्यास हा भेद करून पाहिल्यावरच उमगेल.

निष्कर्ष :
अभ्यासक्रमाची आखणी चित्रफितींपासून न करता अंतिम कामापासून करणे इष्ट ठरेल. सूत्रांसह गुणपत्रक, आपोआप तयार होणाऱ्या अनुक्रमणिकेचा प्रकल्प-अहवाल आणि युनिकोडमधील मराठी अर्ज ही तीन कामे आधी निश्चित करावीत; त्यांना आवश्यक तेवढेच पाठ त्यानंतर तयार करावेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातील ३० तास, हे प्रमाण लक्षात घेता दोन श्रेयांकांसाठी ६० तास लागतात. पाठ घरी मोबाइलवर पाहावेत. हे तास मात्र महाविद्यालयाच्या संगणक-कक्षातच वेळापत्रकाने राखून ठेवावेत. हे तास न देता दिलेला श्रेयांक गुणपत्रिकेत दिसेल. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो निरुपयोगी ठरेल.