निवृत्त सेनानींचा निवडणुकीतील पाठिंबा : एक चिकित्सा

निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या पाठिंब्याने मतदाराचा कौल बदलतो, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या जनरल कॉलिन पॉवेल यांनी ओबामांना पाठिंबा दिला व त्याची मोठी चर्चा झाली. परंतु आपल्याकडे १९७१ मध्ये पहिले भारतीय सेनाप्रमुख करिअप्पा स्वतः मुंबईतून लोकसभेस उभे राहिले आणि पराभूत झाले. आदर आणि मत या भिन्न गोष्टी आहेत, हेच यावरून दिसते.

एप्रिल २०१९ मध्ये दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावे राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात सैन्याच्या राजकीय वापरास विरोध करण्यात आला. मात्र जनरल रॉड्रिग्ज व एअर चीफ मार्शल सुरी यांनी आपली संमती नव्हती असे सांगताच चर्चा मजकुरावरून सह्यांकडे वळली. भूमिका रास्त असूनही पत्राची भिस्त युक्तिवादापेक्षा हुद्द्यांवर अधिक होती, हीच त्याची मर्यादा होय.

लष्करी छावणीच्या जागी वसलेले उल्हासनगर आणि आयुध निर्माणीचे अंबरनाथ यांना सैन्य परके नाही; म्हणूनच हा प्रश्न येथील मतदारालाही लागू पडतो. सारांश, निवृत्त सेनानीस नागरिक म्हणून मत मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु हुद्द्याची पुण्याई संस्थेची असते, ती उमेदवाराच्या पदरात टाकण्याचा अधिकार त्यास नाही.