‘पाठलाग’ : आरोपीच्या पिंजऱ्यातील आठवणी

राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट रहस्यपट म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यातील रहस्य उलगडते तिथेच तो सर्वांत दुबळा होतो, असे माझे मत आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला. एका वकिलाची पत्नी त्याच्यादेखत मरण पावते. पुढे दरोडेखोरांच्या टोळीतील म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगू लागते.

१९४६ साली नीनो फ्रांक या फ्रेंच समीक्षकाने ज्या अमेरिकी चित्रपटांना ‘फिल्म नॉयर’ हे नाव दिले, त्यांत हरवलेले घबाड आणि चुकलेली ओळख वारंवार भेटतात. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) मध्ये जिच्यापायी खून पडतात ती पक्ष्याची मूर्ती अखेर नकली निघते. अत्यल्प खर्चात काढलेल्या ‘डीटूर’ (१९४५) चा नायक मृताचे नाव धारण करून फसतो. ‘पाठलाग’मध्ये हरवलेला ठेवा सोन्याचा नाही. तो आहे एका संसाराच्या आठवणींचा, आणि तो सापडतो एका आरोपी स्त्रीपाशी.

म्हणूनच न्यायालयातील प्रसंग हा या चित्रपटाचा खरा गाभा होय. पती खाजगीतले प्रश्न विचारतो, ती उत्तरे देते. एखादे उत्तर चुकते तर ती तोतया ठरते. अचूक आले तर ते तिने कुठून मिळवले, हा संशय बळावतो. भावना यांनी ही कोंडी आक्रस्ताळेपणा न करता दाखविली आहे. काशिनाथ घाणेकरांचा वकील पुरावा मागत राहतो, तो अंशतः स्वतःच्याच भीतीपोटी.

आपल्यांपैकी ज्यांच्या घरी जुने ‘मुलकी’ दाखले अजून ट्रंकेत जपलेले असतील, त्यांना हा पेच परका वाटू नये. पिढ्यान्‌पिढ्या याच शहरात राहणाऱ्यासही आपले इथलेपण कागदाने सिद्ध करावे लागे. आजीने सांगितलेल्या आठवणी कचेरीत चालत नसत. नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयावरून जाताना मला हा चित्रपट आठवतो, तो यामुळेच.

राज खोसला यांनी या कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) काढला. साधना आणि सुनील दत्त, उदयपूरचे सरोवर, मदनमोहन यांचे संगीत. त्याची लोकप्रियता अस्थानी नव्हे. तथापि त्या रंगीत वैभवात संशयाला दडण्यास जागा उरत नाही. मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या भांडवलाने लादलेला कृष्णधवल रंग इथे उपकारकच ठरला. दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर त्या अंधारात मुरतो.

अखेरीस जुळी बहीण पुढे येते आणि सर्व जुळते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. मला मात्र चुकल्यासारखे वाटते. पत्नी खरी ठरली ती तिच्या आठवणींमुळे नव्हे, तर दुसरी स्त्री मेल्याचा उलगडा झाल्यामुळे. जिने एवढे सोसले, तिच्या शब्दावर पतीने आधी विश्वास का ठेवला नाही, हे त्याला कोणीही विचारत नाही. परांजपे यांच्यासारखा जाणता दिग्दर्शकही नाही.