बहादूर मुक्कामाला राहतो

भाईंदरच्या माणसासमोर 'वेस्टर्न' असा शब्द काढला तर त्याच्या डोळ्यांपुढे घोडा येत नाही. विरार लोकल येते, आणि तीही भरलेली. बाकीच्या जगात मात्र वेस्टर्न म्हणजे रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, धुळीचा रस्ता, आणि डोळे बारीक करून एकमेकांकडे बघणारी दोन माणसं. (हा शेवटचा देखावा आमच्याकडे लोकलच्या दारातही रोज होतो. फक्त पिस्तुलाच्या जागी जेवणाचा डबा असतो.)

या घोडेस्वारांच्या चित्रकथांची एक गंमत आहे. त्यातले दोन मोठे वीर अमेरिकेत जन्मलेलेच नाहीत. लकी ल्यूक १९४६ साली काढला तो मॉरिस या बेल्जियन चित्रकाराने. टेक्स विलर १९४८ साली अवतरला तो इटलीत. लेखक बोनेली, चित्रकार गालेपिनी. म्हणजे टेक्सासमधल्या गुंडांचा बंदोबस्त इटलीतल्या टेबलावरून! हेड ऑफिसात बसून खेड्यातल्या शाखेची उद्दिष्टं ठरवतात त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की बोनेलीचं साधलं.

मजकूर कुठेही रचलेला असो, साचा ठरलेला. परका माणूस घोड्यावरून गावात येतो, गाव भ्यालेलं असतं, तो गुंडांना लोळवतो आणि निघून जातो. लकी ल्यूक तर बहुतेक पुस्तकांच्या शेवटी मावळत्या सूर्याच्या दिशेने गाणं म्हणत जातो. वाचकाला हुरहुर लागते. मला मात्र, कारकुनी पेशामुळे असेल, वेगळाच प्रश्न पडतो. हा गेला, ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात पाणी कोण सोडतं?

आपल्याकडे या साहसी मंडळींची घाऊक आयात केली ती 'इंद्रजाल कॉमिक्स'ने. टाइम्स ऑफ इंडियाच्या घराण्यातलं हे प्रकाशन मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही ते निघे. मी वाचायला लागलो तेव्हा त्याची घरघर सुरू झाली होती, त्यामुळे माझं हे शिक्षण रद्दीच्या दुकानात झालं. बी.कॉम. मी नंतर झालो.

इंद्रजालचा राजा म्हणजे वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली त्याला जन्म दिला. कथेतला पहिला वेताळ मात्र १५३६ सालचा. बाप चाच्यांच्या हातून मेला म्हणून त्याने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख घालतो आहे. आपण बघतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस, याला मरण नाही. मला यात जंगलातल्या पेन्शन खात्याची काळजी वाटते. इथे साध्या निवृत्त शिक्षकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि हा चारशे वर्षं मुखवट्यासकट हजर! ना फोटो जुळायचा, ना जन्मतारीख.

विनोद बाजूला ठेवला तरी वेताळात एक खोट आहे, आणि ती लहानपणी कळत नाही. चारशे वर्षं एक गोरं घराणं जंगलाचं रक्षण करतं आहे आणि जंगल आपलं रक्षण करायला काही शिकत नाही. गस्ती दल आहे, पण त्याचा गुप्त प्रमुख कोण? पुन्हा वेताळच! अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार एकच माणूस असलेल्या सोसायट्या आपण पाहिल्या आहेत. त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलं आहे.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये 'बहादूर' आला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. केशरी कुर्ता आणि खाली जीन्स. वर खादी भांडार, खाली फॅशन स्ट्रीट. मुलूख डाकूंचा. तो काळ आठवा. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यापुढे चंबळच्या डाकूंनी बंदुका ठेवल्या होत्या आणि १९७५ साली 'शोले' लागला होता. घोडा, बंदूक, ओसाड दऱ्या, धास्तावलेलं गाव, सगळं सामान आपल्याच घरात होतं. वेस्टर्नसाठी टेक्सासला जायची गरज नव्हती.

पण सुरतींनी ते सामान मांडलं निराळ्या पद्धतीने. बहादूरचा बाप भैरवसिंग हा डाकू. विशाल हा पोलीस अधिकारी त्याला गोळी घालतो. आता साच्याप्रमाणे पोराने मोठं व्हावं, नेम धरायला शिकावं आणि शेवटच्या पानावर विशालला उडवावं. सुडाची शपथ तोही घेतो. पण ज्याने बाप मारला तोच विशाल त्याला हाताशी धरतो, आणि आपला बाप गुन्हेगार होता हे पोराला कबूल करावं लागतं. वेताळ बापाच्या खुनाच्या शपथेवर चारशे वर्षं काढतो. बहादूर ती शपथ मोडून कामाला लागतो. बत्तीस पानी पुस्तकांच्या दुनियेत ही काही साधी गोष्ट नव्हे.

आणि काम तरी काय करतो? 'नागरिक सुरक्षा दल' काढतो. गावातल्याच माणसांनी गाव राखायचं. मुखवटा नाही, कवटीचं सिंहासन नाही, आणि सूर्य मावळल्यावर जायचं दुसरं ठिकाणही नाही. तो मुक्कामालाच राहतो. बेला ही त्याची जोडीदारीण, तीही मारामारीत मागे नाही.

आता टीकाकाराचा धर्म म्हणून दोष सांगतो. बऱ्याच गोष्टींत हे दल मागच्या रांगेत उभं राहतं आणि ठोसे एकटा बहादूर मारतो. पुढे लेखन जगजीत उप्पल यांच्याकडे गेलं. वाचकाला एकच नायक हवा असतो, समितीचा फोटो मुखपृष्ठावर खपत नाही, हे मला समजतं. पण मूळ कल्पनेची ताकद त्या गर्दीत होती. ती पुढे आणली असती तर बहादूर वेताळाच्या पंगतीत नव्हे, त्याच्या वरच्या पाटावर बसला असता.

ही उणीव लेखकाने भरून काढली ती कागदाबाहेर, आणि तीही आमच्या अलीकडच्या स्टेशनवर, मीरा रोडला. सुरतींचं बालपण डोंगरीतलं. महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैनिकांच्या गाडीतून फेकलेलं मिकी माउसचं कॉमिक पोरांनी ओढाओढीत फाडलं आणि आपल्या वाट्याला एकच पान आलं, ही आठवण त्यांनी सांगितली आहे. दुसरी आठवण, पहाटे बादलीभर पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आईची. एका पानातून बहादूर निघाला. बादलीतून काय निघालं ते २००७ साली कळलं. उत्तर प्रदेशातून मिळालेल्या एक लाखाच्या साहित्य पुरस्काराच्या पैशातून त्यांनी 'ड्रॉप डेड फाउंडेशन' काढलं. वय बहात्तरच्या आसपास. दर रविवारी बरोबर एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका घेऊन घरोघर बेल वाजवायची, विचारायचं, "नळ गळतो का?", आणि गळत असेल तर फुकट दुरुस्त करायचा. पहिल्या वर्षात १,६६६ घरं, ४१४ नळ आणि संस्थेच्या हिशेबाने ४ लाख १४ हजार लिटर पाणी. नळामागे हजार लिटर. बेरीज मी दोनदा तपासली, जुळते.

माझ्या मते बहादूरची सर्वांत चांगली गोष्ट हीच, आणि तिचं एकही चित्र काढलेलं नाही. डाकू नाही, घोडा नाही, खलनायक म्हणजे झिजलेला वॉशर. आपली मात्र अजून वेताळाची वाट बघणं चालू आहे. सोसायटीच्या सभेत "कोणीतरी खमक्या माणूस पाहिजे" असं प्रत्येकजण म्हणतो आणि नाव विचारलं की चहाकडे बघतो.

परवा इमारतीतल्या एका संग्राहक गृहस्थांकडे गेलो होतो. जुन्या इंद्रजालचे अंक त्यांनी एकेका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहेत. हात लावायचा तर आधी पुसून! बहादूरचा एक अंक त्यांनी माझ्या हातात दिला. आतून टप, टप, टप असा आवाज येत होता.

"नळ का हो?" मी विचारलं.

"सोसायटीला तीन पत्रं दिली," ते म्हणाले. "कोणी लक्षच देत नाही. पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत बघा."

मी अंक पिशवीसकट परत केला आणि पान्हा आहे का विचारलं.