हक्कसोड

मुळशी तालुक्यात जमिनीचा विषय निघाला की माणसाचा आवाज बदलतो. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथले मावळे सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट त्यांच्या पुढे झाले, तेव्हा घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. जीव आणि जमीन एकाच तागडीत घालणारी ही माणसं. आज पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटचे फलक आहेत आणि घराघरात वाटणीची बोलणी. म्हणूनच लूकच्या शुभवर्तमानातला 15 वा अध्याय, उधळ्या पुत्राचा दृष्टांत, मला दूर पॅलेस्टाइनमधला वाटत नाही.

धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो. बाप धडधाकट आहे. बापाच्या हयातीत वाटा मागणं म्हणजे काय, हे इथल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही गेलात असं मी धरून चालतो, एवढाच त्याचा अर्थ. बाप भांडत नाही, वाटून देतो. मूळ ग्रीकमध्ये इथे मालमत्तेसाठी ‘बिओस’ असा शब्द येतो. पोटापाण्याचं साधन आणि जगणं, दोन्ही त्यात आहेत. बापाने मुलांत आपलं जगणंच वाटलं. मुळशीच्या घोषणेतली तागडी लूकलाही ठाऊक होती.

पोरगा सगळं विकून परदेशी जातो, उडवतो. दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते. डुकरांपुढच्या शेंगांवर नजर जाते, तेव्हा तो मनाशी एक भाषण जुळवतो. तीन वाक्यं: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नाही, मला मजुरीवर ठेवा. तिसऱ्या वाक्यात हिशेब आहे. राबेन, जमेल तसं फेडेन. आता पुढचा प्रसंग सावकाश वाचावा. तो दूर असतानाच बापाला दिसतो आणि बाप पळत सुटतो. गावातला मानाचा म्हातारा माणूस पळत नाही. धोतराचा सोगा हातात धरून, बांधाबांधाने, लोकांदेखत धावणारा बाप डोळ्यांसमोर आणा. मुलगा भाषण सुरू करतो. पहिली दोन वाक्यं होतात, तिसरं येतच नाही. बाप त्याआधीच चाकरांना हाक मारून झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. लूकने लिहिलेल्या ओळींपेक्षा ही गाळलेली ओळ मला मोठी वाटते. बापाला क्षमा हप्त्याने फेडून घ्यायचीच नव्हती.

पण ती फुकट झाली का? इथे थोरल्याकडे वळावं लागतं, आणि प्रवचनांत त्याच्यावर फार लवकर टीका होते असं माझं मत आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात ज्येष्ठाला दुप्पट वाटा सांगितला आहे. म्हणजे दोघा भावांत धाकट्याला एक तृतीयांश. तो तर उडाला. आता घरात जे आहे ते थोरल्याच्या वाट्याचं. बापच पुढे म्हणतो की माझं आहे ते सगळं तुझंच आहे. मग पुष्ट वासरू कापलं गेलं ते कुणाचं? झगा, अंगठी कुणाची? शेतातून दमून आलेला थोरला वाजंत्री ऐकून दारातच थबकतो, मित्रांसाठी आपल्याला साधं करडूही मिळालं नाही म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याचा हिशेब बिनचूक आहे. क्षमा झाली की तिची किंमत कुणाच्या तरी वाट्यातून जातेच.

पौडच्या कचेऱ्यांच्या आवारात ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द रोज ऐकू येतो. बहीण येते, फोटो काढून घेते, यंत्रावर अंगठा टेकवते, भावाच्या नावे हक्क सोडते आणि खाली मान घालून गाडीत बसते. दडपणाखाली घेतलेल्या त्या सहीला कुणी त्याग म्हणू नये. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्पष्ट सांगतो की माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. ख्रिस्ती श्रद्धेतला त्याग तो हाच. सोडणाऱ्याने स्वतः सोडलेला. हा दृष्टांत सांगणारा येशू तेव्हा यरुशलेमच्या वाटेवर होता. तिथे क्रुसावर तो मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो, ती मागताना लूकने वापरलेलं ग्रीक क्रियापद ‘सोडून देणे’ या अर्थाचं आहे. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत तेच क्रियापद ऋणाबद्दल येतं. मराठीतही आपण ऋण सोडतो, हक्क सोडतो, राग सोडतो. क्षमा करणाऱ्याची मूठ आधी उघडावी लागते, हे या क्रियापदातच आहे.

याच पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बायांनाही कळावं, म्हणून भाषा सोपी ठेवली. 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 साली छापून झालं. ज्या बायांना माहेर-सासर दोन्हीकडे वाटा नव्हता, त्यांच्यासाठी बाईंनी हे काम केलं. बापाने दार उघडल्याची ही कथा त्या बायांना कशी लागली असेल, याचा विचार केला की माझा गळा दाटतो.

शेवटी बाप थोरल्यासाठीही घराबाहेर येतो. थोरला धाकट्याला ‘भाऊ’ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देताना तुटलेलं नातं परत जोडून देतो, त्याचा भाऊ म्हणतो. तरी थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

फक्त 22 वचनं आहेत. यंदा ज्यांच्या घरात वाटणीचे कागद व्हायचे आहेत, त्यांनी सगळ्या भावांना आणि बहिणींना एकत्र बसवून ती एकदा मोठ्याने वाचावीत. सह्या त्यानंतर कराव्यात.