‘इंडेक्स’ म्हणजे नेमकी कोणती यादी?

डेटाबेसमधील इंडेक्स शिकवताना ‘पुस्तकाच्या इंडेक्ससारखा’ ही उपमा सर्रास दिली जाते. उपमा योग्य आहे. पण ती ऐकून विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर काय येते, हे सहसा तपासले जात नाही. आमचा आक्षेप आहे तो यावर.

आपल्या मुलांना ‘इंडेक्स’ हा शब्द भेटतो तो प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर: अनुक्रमांक, तारीख, प्रयोगाचे नाव, पान, शिक्षकांची सही. ही खरे तर अनुक्रमणिका. तिचा क्रम पानांचाच असल्याने एखादे नाव शोधायचे तर ती वरपासून वाचत यावे लागते. डेटाबेसच्या इंडेक्सचे साम्य आहे ते ग्रंथाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीशी, आणि शालेय पाठ्यपुस्तकांत अशी सूची सहसा नसते.

शब्दसूचीत शब्द वर्णक्रमाने लावलेले असतात. वेग येतो तो या क्रमामुळे. दहा लाख नावे क्रमाने असतील, तर दर वेळी मधले नाव पाहून उरलेली निम्मी यादी बाजूला सारता येते. सुमारे २० तुलनांत काम होते. बायर आणि मॅक्‌क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बी-ट्री’ रचनेत प्रत्येक पायरीवर दोनच नव्हे, तर अनेक फांद्या फुटतात. १०० फांद्या धरल्या, तर तीन पायऱ्यांतच दहा लाख नोंदी आवाक्यात येतात.

ही उपमाही एके ठिकाणी तोकडी पडते. छापलेला ग्रंथ बदलत नाही. डेटाबेसमधील तक्ता रोज बदलतो. नवी नोंद आली की तक्त्यावरचे इंडेक्सही दुरुस्त करावे लागतात. म्हणून ‘जितके इंडेक्स जास्त, तितका वेग जास्त’ हे खरे नाही. शोध जलद होतो, पण नोंद करणे मंदावते.

‘क्लस्टर्ड इंडेक्स’ या शब्दाने गोंधळात भर पडते. क्लस्टर म्हटले की शिक्षकांना शाळांचे केंद्र आठवते, मुलांना पुंजका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र त्याचा अर्थ असा, की मूळ नोंदीच त्या क्रमाने ठेवल्या जातात. छापील टेलिफोन डिरेक्टरी आडनावांच्या क्रमाने असे, तशा. साहजिकच एका तक्त्याला असा इंडेक्स एकच. पोस्टग्रेसमध्ये ‘क्लस्टर’ ही आज्ञा नोंदी एकदाच क्रमाने लावते. पुढे तो क्रम आपोआप राखला जात नाही.

व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी वर्गात एक प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या डिरेक्टरीत दिलेला नंबर कोणाचा, हे चटकन शोधायला काय लागेल? ‘नंबरांच्या क्रमाने लावलेली दुसरी यादी’ हे उत्तर ज्याला स्वतःहून सुचले, त्याला इंडेक्स समजला.