पणजीची इगर्ज : वास्तू, वस्तू आणि वर्णनाची भाषा

पुण्यात मार्केट यार्डाकडून नाना पेठेत आले म्हणजे क्वार्टर गेटाजवळ जुनी कॅथलिक इगर्ज लागते. लोक तिला ‘सिटी चर्च’ म्हणतात. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील पोर्तुगीज व गोमंतकीय ख्रिस्ती लोकांसाठी १७९२ साली दिलेल्या जागेवर ती उभी राहिली. तिचे नाव ‘निष्कलंक गर्भसंभव माते’चे आहे. याच नावाची, परंतु मूळ अडीचशे वर्षांनी जुने असलेली इगर्ज पणजीच्या मध्यभागी टेकडीच्या उतारावर आहे. अशा वास्तूंची मराठी वर्णने बहुधा एक सन आणि ‘पोर्तुगीज शैली’ हे दोन शब्द देऊन थांबतात. पुण्याच्या बाबतीत त्यात पेशव्यांच्या दानाची भर पडते, पणजीच्या बाबतीत जिन्याची. एवढ्याने इगर्जीचे वर्णन होत नाही, हे दाखविण्यासाठी पणजीचे उदाहरण अधिक सोयीचे असल्याने प्रस्तुत टिपणात तेच घेतले आहे.

प्रथम नावाविषयी. ‘गर्भसंभव’ हा समास अर्थाच्या दृष्टीने फसवा आहे. संभव कोणाचा, हे तो सांगत नाही आणि अपरिचित वाचक तो ख्रिस्तजन्माशी जोडतो. वस्तुतः येथे अभिप्रेत आहे तो मरियेचा स्वतःचा, आदिपापाच्या कलंकाविना झालेला गर्भसंभव. रोमने या मताला सिद्धांताचे रूप दिले ते १८५४ साली. परंतु पोर्तुगालच्या चौथ्या जुआंव राजाने १६४६ मध्येच या मातेला राज्याची संरक्षक ठरविले होते. पणजीचे मूळ चॅपल तर त्याहूनही जुने, १५४१ चे. त्याच्या जागी १६१९ साली मोठी इगर्ज उभी राहिली. मराठीच्या अभ्यासकाला हा सन आणखी एका कारणाने ओळखीचा आहे: ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स त्याच वर्षी साष्टीत निवर्तले.

वास्तूचे बाह्यरूप थोडक्यात सांगता येते. जांभ्याच्या भिंती, वर चुन्याचा पांढरा गिलावा, दोन्ही अंगांना मनोरे आणि मध्यभागी घंटेसाठी उंचावलेला दर्शनी भाग. गिलाव्याला केवळ शोभा समजू नये. जांभा सच्छिद्र असतो आणि कोकणातील पाऊस त्याला झिजवितो. जुन्या गोव्यातील बॉं जेजूच्या बाह्य भिंतींचा गिलावा १९५० नंतरच्या दशकात काढून टाकल्याचे परिणाम आज तेथे उघड दिसतात. समोरचा नागमोडी दुहेरी जिना नंतरचा आहे. तो नाट्यमय आहे यात शंका नाही. किंबहुना तो अधिकच नाट्यमय आहे. मूळ इगर्ज आकाराने बेताची, पण जिन्याने तिला असा काही चौथरा दिला आहे की आत पाऊल टाकताच पाहणाऱ्याची अपेक्षा आणि प्रत्यक्ष दालन यांचा मेळ बसत नाही. छायाचित्रकारांनी जिना पाहिला आणि वाचकांनी तोच इगर्ज समजून घेतला.

आत एक सलग लांबट दालन आहे. येथे मराठी लेखक हटकून ‘सभामंडप’ आणि ‘गाभारा’ हे शब्द वापरतो. पहिला शब्द चालेल, दुसरा चालणार नाही. गाभारा लहान, अंधारा आणि मर्यादित प्रवेशाचा असतो. समुदाय नसला तरी तेथील पूजा पूर्ण होते. इगर्जीची रचना नेमकी उलट आहे. जमलेल्या प्रत्येकास वेदी दिसली पाहिजे आणि उपदेश ऐकू आला पाहिजे, या दोन गरजांतून दालनाची लांबी, खांबांचा अभाव आणि वेदीची उंची ठरते. ‘वेदी’ हा शब्द मात्र उत्तम आहे, कारण तेथील विधी यज्ञरूप मानला जातो. स्टीफन्सनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ योजले तेव्हा त्यांनीही असेच धाडस केले होते. परंतु त्यांना नवा अर्थ जुन्या शब्दात उतरवायचा होता. आपले काम डोळ्यांसमोरची वस्तू ओळखण्याचे आहे, म्हणून आपणास ती मोकळीक घेता येत नाही.

मुख्य वेदी निष्कलंक मातेची. दोन्ही बाजूंच्या उपवेद्यांवर क्रुसावरील येशू आणि रोझरी माता. सोनेरी मुलाम्याचे कोरीव लाकूड हा या अंतर्भागाचा प्राण आहे. लाकडावर अस्तर देऊन त्यावर सोन्याचा अतितलम वर्ख बसविण्याचे हे काम मंद उजेडासाठी, मेणबत्तीसाठी केलेले असते. शेजारचे संत पीटर व संत पॉल यांचे संगमरवरी पुतळे त्या सोनेरी उजेडात मला थंड आणि परके वाटतात.

या प्रकारचे कोरीवकाम गोव्यात कोणी केले, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घेण्यास मनाई केली. अशी मनाई करावी लागली आणि पुढे ती पुन्हा सांगावी लागली, यावरूनच कामे कोणाच्या हाती होती हे कळते. गोव्यातील काही व्यासपीठांच्या तळाशी नागाकृती भार पेलताना दिसतात, त्या लिस्बनहून आलेल्या नव्हेत. तेव्हा ‘पोर्तुगीज शैली’ हा शिक्का आराखड्यापुरता खरा धरावा, वस्तूंना तो लावण्यापूर्वी हातांची चौकशी करावी.

आता मुख्य मुद्दा. या इगर्जीतील काही महत्त्वाच्या वस्तू मुळात या इगर्जीसाठी घडविलेल्याच नाहीत. वर टांगलेली प्रचंड घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. १८३४ साली पोर्तुगालने मठवासी संप्रदाय विसर्जित केले. तो मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये त्याच्या इगर्जीचे छत कोसळले. घंटा काही काळ अग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ साली पणजीस आली. तिच्यासाठी इगर्जीचा घंटाघर-भाग वाढवावा लागला. म्हणजे ज्या दर्शनी भागास आपण १६१९ चा म्हणतो, त्याचे शिखर एका पाहुण्या घंटेने ठरविले आहे. दक्षिणेकडील चॅपलमधील वेदीपट, म्हणजे वेदीमागचा उभा कोरीव पट, आदिलशाही राजवाड्यातील चॅपलमधून आलेला. १७५९ पासून त्या राजवाड्यात व्हाइसरॉय राहत. १९१८ साली राज्यप्रमुखाचे निवासस्थान काबो येथे गेले आणि पट इगर्जीत आला. मठ गेले, राजधानी हलली, राजवाड्याची कचेरी झाली. पॅरिश मात्र राहिली आणि इतरांनी टाकलेले तिने सांभाळले. भाषेत उसना शब्द येतो तेव्हा त्याच्यामुळे शेजारच्या शब्दांचेही अर्थ सरकतात. येथे तसेच घडले आहे. मठवासीयांचे प्रार्थनाप्रहर सांगणारी घंटा आता बाजारपेठेतल्या माणसाला ८ डिसेंबरच्या फेस्ताची वर्दी देते.

ही आवक थांबली असून आज भीती जावकीची आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून विधी करू लागला. त्यासाठी पुढे नवी साधी वेदी आली आणि जुनी भव्य वेदी केवळ पार्श्वभूमी उरली. ध्वनिक्षेपकाने दालनाच्या मध्याजवळील उंच व्यासपीठाचे काम काढून घेतले. निरुपयोगी ठरलेले व्यासपीठ अडगळ समजून हलविले गेले की दालनाची लांबी का तेवढी ठेवली होती, याचा पुरावाच जातो. बदल योग्य की अयोग्य हा धर्मवेत्त्यांचा विषय आहे. पण हलविण्यापूर्वी नोंद व्हावी, एवढे विद्यापीठास म्हणता येते.

पुण्याच्या इगर्जीवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून १७९२ हा आकडा काही दिवस बाजूला ठेवावा. तो जमिनीच्या दानाचा सन आहे, प्रत्येक खांबाचा आणि प्रत्येक मूर्तीचा नव्हे. वेदी, बाप्तिस्म्याचे कुंड, बाके, घंटा, दिवे यांची एकेक नोंद करावी: कोठून आली, कोणी दिली, पूर्वी कोठे होती. आणि तेथील सेवेकरी व वृद्ध उपासक त्या वस्तूस कोणत्या नावाने ओळखतात, मग ते नाव कोकणी असो, तमिळ असो, मराठी असो वा इंग्रजी, ते मोजमाप घेण्यापूर्वीच लिहून घ्यावे.